पाळकाच्या तीन पेट्या

वाल्डर्सबाखच्या पाळकाच्या घरात तीन पेट्या असत. जे काही उत्पन्न हाती येई त्याचे दशमांश आधी त्या पेट्यांत पडत आणि उरेल त्यावर घर चाले. पहिली पेटी देवळाची आणि शाळांची. दुसरी गावाच्या उपयोगाची. रस्ते, पूल, लोकांना घालायचं जेवण असा खर्च तीतून होई. तिसरी गोरगरिबांची. ही पद्धत पाळकानं मोशेच्या नियमशास्त्रातून घेतली होती. जुन्या करारातलं दशमांशाचं कलम प्रवचनात सांगणारे पुष्कळ असतात. ते आपल्याच पगाराला लावून त्यासाठी सुताराकडून पेट्या करून घेणारे कमी.

या पाळकाचं नाव जाँ फ्रेदेरिक ओबरलिन. जन्म ३१ ऑगस्ट १७४०, स्ट्रासबुर्ग. वडील तिथल्याच शाळेत मास्तर होते. १७६७ च्या मार्चअखेरीस, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, ओबरलिन वोज पर्वताच्या कुशीतल्या एका दरिद्री खोऱ्यात पाळक म्हणून आले आणि १ जून १८२६ रोजी तिथेच वारले. मध्ये एकोणसाठ वर्षं गेली. चांगल्या जागा चालून आल्या नाहीत असं नाही, पण ते हलले नाहीत.

खोऱ्याचं नाव बां द ला रोश. जर्मन बोलणारे त्याला श्टाइनटाल म्हणत, म्हणजे दगडांचं खोरं. दोन्ही नावांत दगड आहेच. स्ट्रासबुर्गपासून हा मुलूख जेमतेम पन्नास किलोमीटर. आज ब्रूश नदीच्या काठाकाठानं रेल्वे जाते, फूदे नावाच्या लहानशा स्टेशनावर उतरून वर चढलं की वाल्डर्सबाख येतं. पण अठराव्या शतकात पावसाळी दिवसांत या खोऱ्यातल्या माणसाला शहर गाठणं म्हणजे नदीतल्या धोंड्यांवरून उड्या मारत जाणं होतं. वर अकराशे मीटरचा शां द्यू फचा माथा, तिथून उतरणारे वारे, लांबलचक बर्फाळ हिवाळा, उतारावरची पातळ माती. सतराव्या शतकातल्या तीस वर्षांच्या युद्धात हा भाग जवळजवळ ओसाड पडला होता. भोवताली कॅथलिक प्रदेश, मध्ये हे लुथरपंथी बेट. वाल्डर्सबाखच्या पाळकाकडे पाच गावं: वाल्डर्सबाख, फूदे, बेलफोस, बेलमोन आणि सोलबाख. ओबरलिनच्या आधीच्या अनेक पाळकांना इथली नेमणूक शिक्षेसारखी वाटे.

अपवाद होता जाँ-जॉर्ज स्टुबेर यांचा. ओबरलिनचं चरित्र सांगताना स्टुबेरना दोन ओळींत आटोपण्याची रीत आहे, ती मला पटत नाही. पाया त्यांनी घातला. ते नव्यानं आले तेव्हा गावची शाळा बघायला गेले, त्याची गोष्ट चरित्रकार आवडीनं सांगतात. एका खोपटात पोरांचा कल्ला चाललेला, आणि कोपऱ्यात खाटेवर एक म्हातारा पडलेला.

‘मास्तर तुम्हीच का?’

‘होय, मीच.’

‘काय शिकवता?’

‘काहीच नाही.’

‘का बरं?’

‘मलाच काही येत नाही.’

‘मग तुम्हाला मास्तर केलं कुणी?’

‘मी गावची डुकरं राखायचो. म्हातारपणी ते झेपेना, म्हणून पोरं राखायला दिली.’

स्टुबेरनी नवे मास्तर शोधायला घेतले तर कुणी पुढे येईना, कारण मास्तर म्हणजे डुकरं राखून थकलेला म्हातारा हे समीकरण डोक्यात बसलेलं. तेव्हा त्यांनी पदाचं नावच बदललं. ‘मास्तर’ काढून ‘रेजां’ हा भारदस्त शब्द आणला, आणि चांगल्या घरची मुलं तयार झाली. त्यांनी मुळाक्षरांचं पुस्तक लिहिलं, घरोघर वाचायला देण्यासाठी पुस्तकं जमवली. पुढे स्ट्रासबुर्गला परत जायची वेळ आली तेव्हा आपल्यामागे कोण, ही चिंता त्यांना लागली.

ओबरलिनची आणि त्यांची भेट झाली ती स्ट्रासबुर्गमधल्या एका माळ्यावरच्या खोलीत. तरुण दातदुखीनं बेजार होऊन पडलेला. खाटेला पडदे कागदाचे. दिव्यावर एक लहानसं लोखंडी भांडं टांगलेलं. ‘हे काय?’ तर ‘हे माझं स्वयंपाकघर.’ दुपारी आईवडिलांकडे जेवायचं, येताना पावाचा तुकडा आणायचा, रात्री तो पाण्यात मीठ घालून त्या भांड्यात टाकायचा आणि अभ्यासाला बसायचं. दहा-अकराला भूक लागली की दिव्याच्या धगीवर शिजलेलं ते सूप प्यायचं. स्टुबेर हसले आणि म्हणाले, मला हवा तो माणूस सापडला. या कथेला चरित्रकारांनी थोडी कल्हई केली असेल. पण स्टुबेर काय शोधत होते ते तीतून बरोबर कळतं. त्यांना विद्वान नको होता. ज्याला फार लागत नाही असा माणूस हवा होता.

लोकांनी नव्या पाळकाचं स्वागत ओवाळून केलं नाही. शहरातला पोरगा येतो आणि आपल्याला शेती शिकवतो, रस्ते करायला सांगतो, याचा राग होता. एकदा काही जणांनी त्यांना गाठून चोप द्यायचा बेत केला. ओबरलिनना सुगावा लागला. त्या रविवारी त्यांनी अन्याय सोसण्यावर प्रवचन दिलं आणि ती मंडळी ज्या घरी जमली होती तिथे स्वतःच जाऊन उभे राहिले. मी आलो आहे, काय करायचं ते करा, म्हणजे लपून मारल्याचं पाप तरी तुमच्या माथी लागणार नाही, अशा अर्थाचं काही बोलले. मारणारे ओशाळले.

मग रस्ता. गावाला शहराशी जोडायचं तर ब्रूशच्या काठचे खडक सुरुंगांनी फोडायला हवेत, कडेला भिंत बांधायला हवी, रोतो गावाजवळ पूल हवा. सभेत हे मांडल्यावर लोक म्हणाले, अशक्य, शिवाय ज्याला त्याला आपापली कामं आहेत. ओबरलिन खांद्यावर कुदळ टाकून निघाले आणि खणू लागले. दुसऱ्या दिवशी आणखी काही आले, मग आणखी. स्ट्रासबुर्गच्या ओळखीपाळखीतून त्यांनी पैसे आणि अवजारं मिळवली. आठवडाभर कुदळ आणि रविवारी प्रवचन असं चाललं. रोतोच्या त्या पुलाला लोक ‘दयेचा पूल’ म्हणू लागले.

शेतीच्या बाबतीत मात्र त्यांनी कुणाला बोलावलं नाही, आणि मला त्यांचं सर्वांत हुशारीचं काम हेच वाटतं. शेतकऱ्याला शेती शिकवायला जाणाऱ्या पाळकाचं कुणी ऐकणार नाही, हे एव्हाना कळलं होतं. पाळकाच्या वाट्याच्या जमिनीतून गावाची रोजची पायवाट जात होती. त्याच जमिनीत त्यांनी चर खणून खत भरलं आणि फळझाडं लावली. माती तिथली तीच, निकस. वर्षाकाठी झाडं जोर धरू लागली. जाता-येता लोक थांबू लागले, मग विचारू लागले: हे कसं केलंत? कलमं कशी बांधतात? ओबरलिन विचारल्यावर सांगत. बटाट्याचंही तसंच. इथला बटाटा वर्षानुवर्षं तेच बेणं लावल्यानं पार हिणकस झाला होता. त्यांनी बाहेरून नवं बेणं आणून आधी स्वतःच्या तुकड्यात लावलं. अळशीचं बी थेट बाल्टिककाठच्या रिगाहून मागवलं. पालापाचोळा, चिंध्या, जुन्या चामड्याचे तुकडे, कुजेल ते सगळं खतासाठी जमवायला पोरांना लावलं. लग्न ठरलं की झाडं लावायची, दृढीकरणाआधी मुलानं झाड लावून दाखवायचं, असा दंडकही पुढे घातला. १८१६-१७ मध्ये उन्हाळाच न आल्यानं युरोपभर पिकं बुडाली. त्याची झळ या खोऱ्यालाही बसली, पण तोवर लोकांच्या हाती बटाटा होता.

पैशाकडे परत येतो, कारण या माणसाची गंमत तिथे आहे. गावात चांगली अवजारं मिळत नसत. स्ट्रासबुर्गला जाऊन आणायची तर दोन दिवस मोडत, आणि रोख पैसा कुणाकडे? ओबरलिननी घरातच अवजारांचं दुकान मांडलं. खरेदीच्या भावानं विक्री, तीही उधारीवर. नंतर कर्जाचा निधी काढला. नियम एकच कडक: ठरल्या मुदतीत फेडलं नाही तर काही काळ पुन्हा कर्ज मिळणार नाही. त्यात दया दाखवली जात नसे. आज जिला आपण पतसंस्था म्हणतो तिचं बीज इथे दिसतं, फरक इतकाच की इथे सुरुवातीची सगळी पत एकट्या पाळकाची होती. माणसं फुकट घेत नव्हती, उधार घेऊन फेडत होती, आणि त्यातून हळूहळू त्यांची स्वतःची पत तयार होत होती. हुशार पोरांना त्यांनी बाहेर पाठवून गवंडी, सुतार, लोहार, चाकं करणारा असे कारागीर बनवलं, बायकांना सुईणीचं काम शिकायला पाठवलं. त्यामुळे जो पैसा खोऱ्याबाहेर जात होता तो आत फिरू लागला.

या काळात पाळकाचं स्वतःचं घर कसं होतं? पडायला आलेलं. उंदरांचा सुळसुळाट, छत गळकं. नवीन बांधून देण्याचा विषय निघाला की ओबरलिन आधी शाळा म्हणत. शाळा बांधायलाही गावकरी तयार नव्हते. इमारतीची डागडुजी गावाच्या गळ्यात पडेल अशी भीती होती. तेव्हा त्यांनी ती जबाबदारी स्वतःच्या अंगावर घेतली, मित्रांकडून पैसे जमवले, आणि एकेका गावात शाळा उभी केली. पाळकाचं नवं घर झालं ते १७८७ मध्ये, येऊन वीस वर्षं झाल्यावर. आज त्याच घरात ओबरलिन संग्रहालय आहे.

साखर आणि कॉफी या घरात बंद होती. काटकसर हे कारण नव्हतं. ती पिकवायला गुलाम राबवले जातात हे कळल्यावर ओबरलिननी दोन्ही सोडली. समुद्रापलीकडच्या मळ्यात काय चालतं ते वोजच्या डोंगरातल्या घराच्या चुलीपर्यंत पोहोचलं होतं. साधेपणा पुष्कळदा आळसाचा किंवा कंजूषपणाचा सोज्वळ मुखवटा असतो. इथे प्रत्येक नकाराला कारण होतं आणि वाचलेला पैसा कुठे गेला ते दाखवता येत होतं.

आता मुलांकडे वळायला हवं, कारण जगात ओबरलिनचं नाव मुख्यतः त्यासाठी घेतलं जातं. आई-बाप शेतात, दोन-चार वर्षांची पोरं रस्त्यावर. बेलमोन गावच्या सारा बांझे नावाच्या तरुणीला विणकाम येत होतं. ती आपणहून पोरं गोळा करून त्यांना शिकवत बसे. तिच्या बापाला हा रिकामा उद्योग वाटे. ओबरलिनना हे कळलं तेव्हा ते बापाशी बोलले आणि १७६९ मध्ये करार करून तिला रीतसर कामावर घेतलं. त्यातून ‘पोएल आ त्रिकोते’ उभ्या राहिल्या, म्हणजे शेगडीनं उबदार ठेवलेल्या खोल्यांतल्या विणकाम-शाळा. मोठी पोरं विणत, धाकटी खेळत. मध्येच चित्रं, गाणी, झाडपाल्याची ओळख, नकाशे. नकाशा आधी आपल्या गावाचा, मग खोऱ्याचा, मग फ्रान्सचा. रानातली कुठली पानं खाता येतात हेही पोरं शिकत. फ्रेडरिक फ्रोबेल यांनी जर्मनीत ‘किंडरगार्टन’ हे नाव दिलं ते १८४० मध्ये, म्हणजे सत्तर वर्षांनी.

या शाळांत मुलांना फ्रेंच शिकवलं जाई. इथल्या लोकांची बोली ना धड फ्रेंच, ना आल्सासची जर्मन. लोरेनकडची एक जुनी बोली ते बोलत. पुस्तकं, व्यापार, सरकार या सगळ्यापासून ती त्यांना दूर ठेवते, असं ओबरलिनचं मत. फ्रेंच क्रांतीच्या काळात, १७९४ मध्ये, राष्ट्रीय परिषदेनं फ्रेंचच्या प्रसाराबद्दल स्टुबेर आणि ओबरलिन या दोघांचा सन्मानपूर्वक उल्लेख केला. गंमत अशी की ओबरलिनचे थोरले बंधू जेरेमी-जाक हे नामांकित भाषापंडित, आणि त्यांनी १७७५ मध्ये याच बोलीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. एक भाऊ बोली कागदावर उतरवत होता, दुसरा ती पोरांच्या तोंडून काढून घेत होता. दोघांच्याही हेतूबद्दल शंका नाही. पण रस्त्या-शाळांच्या यशाचं गुणगान करताना हा खर्च कुणी मांडत नाही, म्हणून इथे मांडला.

परधर्मीयांशी वागण्यात ओबरलिन आपल्या काळाच्या बरेच पुढे होते. ते स्वतःला ‘कॅथलिक-इव्हँजेलिकल पाळक’ म्हणवत, आणि हे त्या प्रदेशात, जिथे या दोन शब्दांसाठी पिढ्यान्‌पिढ्या रक्त सांडलं होतं. प्रभुभोजनाला कुणाला बेखमीर भाकर लागे, कुणाला खमीर घातलेली, कुणाला पातळ वेफर. ते तिन्ही ठेवत, ज्याला जे मानवेल ते. औषधाच्या कपाटाला तर पंथ नव्हताच. डॉक्टर जवळपास नसल्यामुळे त्यांनी स्वतः वैद्यकी शिकून घेतली होती.

क्रांती आली तशी पाळकाची मिळकत थांबली आणि उपासनेला बंदी आली. त्या जागी गावोगाव क्लब काढायचे, अध्यक्षानं जुलमी राज्यकर्त्यांविरुद्ध भाषणं करायची, असा हुकूम. ओबरलिननी सभा बोलावली. चरित्रकारांच्या सांगण्याप्रमाणे त्यांनी सगळं अगदी भोळेपणानं विचारलं. अध्यक्ष कोण? लोक म्हणाले, तुम्हीच. सभा कुठे? देऊळच मोठं आहे. वार कोणता? रविवार सोयीचा. राहता राहिले जुलमी राज्यकर्ते. ते तर या डोंगरात कुणी नाहीत, तेव्हा आपल्याच मनातल्या द्वेषावर, लोभावर बोलू या. हुकूम पाळला गेला आणि उपासनाही चुकली नाही. पण १७९४ च्या जुलैअखेर त्यांना अटक झालीच. त्याच सुमारास पॅरिसमध्ये रोबेस्पिएरचा पाडाव झाला, म्हणून थोडक्यात सुटले.

त्याच काळातली कागदी नोटांची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. क्रांतीच्या सरकारनं काढलेल्या ‘असिन्या’ नोटांची किंमत झपाट्यानं घसरली आणि गरिबांच्या हातात रद्दी उरली. सरकारनं शब्द मोडला म्हणजे देशानं मोडला, आणि देशात मीही आलो, असा ओबरलिनचा हिशेब. आपल्या गावांत फिरणाऱ्या या नोटा त्यांनी हळूहळू सोडवून घ्यायला सुरुवात केली. परसातलं पीक, अवजारांची फिरती रक्कम, जिथून जमेल तिथून. याला पुढची अनेक वर्षं लागली. अर्थशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात याला वेडेपणा म्हणतील.

वेडेपणा त्यांच्यात होताही, आणि तो झाकायचं कारण नाही. घरात त्यांनी स्वर्गाचा नकाशा टांगला होता. मेल्यानंतर आत्मे कुठल्या पायरीवर जातात ते त्यात दाखवलेलं. पत्नी मादलेन-सालोमे १७८३ च्या जानेवारीत वारली, त्यानंतर कित्येक वर्षं ती आपल्याला भेटते, बोलते, असं ते सांगत. माणसाच्या चेहऱ्यावरून स्वभाव ओळखता येतो या तेव्हाच्या कल्पनेवर त्यांचा विश्वास; गावकऱ्यांच्या छायाकृती काढून त्यांनी त्यांची वर्णनं लिहून ठेवली. प्रत्येकाच्या घरात काय शिजतं, कोण कुणाशी भांडतं, उकिरडा कुठे आहे, यावर पाळकाची नजर. आजच्या वाचकाला अशा गावात चार दिवसही राहवणार नाही. आपल्यासाठी सगळं सोसणाऱ्या माणसाला नाही म्हणणं किती अवघड असतं, हे ज्यांच्या घरात असा एखादा वडीलधारा होऊन गेला त्यांना ठाऊक आहे.

पाळकाच्या त्या घराचं एक दुसरं रूप मात्र जर्मन साहित्यात कायमचं राहिलं. २० जानेवारी १७७८ रोजी डोंगर ओलांडून एक तरुण कवी पायी वाल्डर्सबाखला आला. तो याकोब लेन्झ, गटेचा एके काळचा मित्र, मनानं पार खचलेला. रात्री उठून तो दारच्या हौदात उड्या घेई. जवळच्या फूदेमध्ये एक मूल वारलं तेव्हा त्याला उठवायला गेला. ओबरलिननी त्याला घरात ठेवून घेतलं, त्याच्याबरोबर जागले, आणि आपल्यानं आवरत नाही असं दिसल्यावर माणसं सोबत देऊन ८ फेब्रुवारीला स्ट्रासबुर्गला पोहोचवलं. या दिवसांची त्यांनी टिपणं लिहून ठेवली. ती पुढे स्ट्रासबुर्गमध्ये शिकलेल्या गेओर्ग ब्यूश्नरच्या हाती आली आणि त्यातून ‘लेन्झ’ ही दीर्घकथा झाली. तेविसाव्या वर्षी वारलेल्या ब्यूश्नरच्या मागे १८३९ मध्ये ती छापली गेली. तीतला पाळक संत नाही. समोर काय उलगडत आहे ते पुरतं न कळलेला, तरी दार बंद न करणारा माणूस आहे.

उतारवयात मानसन्मान आले, १८१९ मध्ये लेजिअन ऑफ ऑनरही आला. त्याहून मोठी गोष्ट १८१३ मध्ये झाली. जंगलाच्या हक्कावरून गावकरी आणि जमीनदार यांच्यात ऐंशीहून अधिक वर्षं दावा चालू होता; रोतोच्या लोहभट्ट्यांना लाकूड हवं, गावांना चराई आणि सरपण. पिढ्या कोर्टात खपल्या. ओबरलिनच्या मध्यस्थीनं तो मिटला, आणि तडजोडीवर सही झाली ती लेखणी गावांनी आठवण म्हणून त्यांना दिली. त्याच दशकात बाझेलचं लग्राँ कुटुंब आपला फितींचा कारखाना घेऊन फूदेला आलं, ओबरलिनच्या शब्दाखातर. माग घरोघर वाटले गेले. त्या कुटुंबातल्या दानिएल लग्राँ यांनी पुढे मुलांना कारखान्यात राबवण्याविरुद्ध युरोपच्या सरकारांना पत्रामागून पत्रं लिहिली. सगळ्या देशांनी मिळून कामगार कायदे करावेत, ही मागणी लावून धरणाऱ्या पहिल्या काही माणसांत त्यांचं नाव येतं.

१८२६ च्या जूनमध्ये ओबरलिन गेले तेव्हा फूदेच्या दफनभूमीपर्यंतच्या गर्दीत आसपासच्या गावांचे कॅथलिकही होते. क्रुसावर ‘पापा ओबरलिन’ एवढंच. गाव त्यांना याच नावानं हाक मारे. १८३३ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात एक वसाहत आणि कॉलेज त्यांच्या नावानं निघालं. काळ्या विद्यार्थ्यांना आणि स्त्रियांना प्रवेश देणाऱ्या तिथल्या पहिल्या काही कॉलेजांपैकी ते एक.

पेट्यांचा हिशेब मात्र अजून पुरा व्हायचा आहे, कारण चौथा एक हात त्यात होता आणि तो कुठल्याच पेटीत मोजला गेला नाही. बेलफोसची लुईझ शेप्लेर पंधरा-सोळाव्या वर्षी पाळकाच्या घरी कामाला आली. सारा बांझे १७७४ मध्येच, तिशीही न गाठता वारली होती. विणकाम-शाळांचं ओझं पुढे लुईझवर आलं. बर्फातून गावोगाव फिरून ती त्या चालवत राहिली. बाईसाहेब वारल्या तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, आणि घर, आईविना सात मुलं, आला-गेला हे सगळं तिच्याकडे आलं. एका नववर्षाला तिनं ओबरलिनना पत्र लिहिलं की मला पगार देऊ नका, घरची मुलगी समजा. ते मान्य झालं. पाळकाच्या पेट्या भरत राहिल्या त्यामागे हा न दिलेला पगारही होता, असं म्हटलं तर चरित्रकारांना आवडणार नाही. पण जमाखर्च लिहायला बसलं की ती रक्कम सोडता येत नाही.

मरण्याआधी ओबरलिननी मुलांना लिहून ठेवलं की लुईझला बहीण माना. मुलांनी तिला वारसाचा वाटा देऊ केला. तिनं तो नाकारला, फक्त आपल्या नावापुढे ओबरलिन लावायची परवानगी मागितली. १८२९ मध्ये फ्रेंच अकादमीनं तिला सद्गुणाचं पारितोषिक दिलं. प्रशस्ती वाचली ती प्राणिशास्त्रज्ञ कुव्हिए यांनी, आणि लहान मुलांच्या शाळांची कल्पना तिची, असं त्यात म्हटलं गेलं. ती कल्पना बेलमोनच्या साराची होती हे इतिहासकारांनी पुढे कागद काढून दाखवलं. लुईझ १८३७ मध्ये वारली. ‘ते माझ्या आधीपासून होतं’ असं सांगायची तिला गरज पडली नाही. कारण पॅरिसहून तिला ते विचारायला कुणी आलंच नव्हतं.